तिथला दगड मुका नव्हता

मामा गेल्याची बातमी नागपूरला वसतिगृहात पोचली ती आमच्या गावच्या एका माणसाबरोबर. तो सरकीच्या व्यवहारासाठी आला होता, मुद्दाम माझ्याकडे आला नव्हता. दारात उभं राहून त्यानं आधी पाणी मागितलं, ते प्याला, तांब्या खाली ठेवला आणि मग म्हणाला, "सटवाजी गेले बाबा. खोकल्यानं. तुझ्या मायनं सांगितलंय, घाई करू नको, सगळं उरकलंय." त्याला वाटलं असेल, पोरगं दुःखानं गप्प झालं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला दुःख झालं नाही. मामाला एक गोष्ट विचारायची होती. सुट्टी लागली की घरी जाऊन समोर बसून विचारायची, असं ठरवून मी दिवस काढत होतो आणि आता ती विचारता येणार नव्हती. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहावं की नाही, हे मला अजूनही नीट कळत नाही. पण नुसतं चांगलं लिहिलं तर ते खोटं होईल, आणि खोटं मला पुरेसं झालं आहे...

आमचं गाव वसमतजवळच्या कुरुंद्याच्या अलीकडे. घरात पिढ्यान्‌पिढ्या विहिरी खोदायचं काम. शाळेच्या पलीकडे गेलेला घराण्यातला मी पहिलाच. आमच्याकडे जमीन उकरली की आधी काळी माती, मग मुरूम आणि मग काळा पाषाण. पाषाणाला सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, मारली की तो टणटण वाजतो आणि खोदणाऱ्याचं तोंड उतरतं, कारण टणटण म्हणजे सगळा भरीव दगड, पाण्याचा पत्ता नाही. पण एखाद्या जागी सब्बल पोकळ वाजली, ढब असा आवाज आला, की सगळे हातातलं टाकून तिकडे धावतात. पोकळ आवाज म्हणजे दगडात भेग, आणि भेगेत पाणी. खोदणारा त्या जागी कान लावतो, हसतो, वर उभ्या असलेल्या शेतमालकाला हाक मारून नारळ आणायला सांगतो. माझा बा, गंगाराम, या आवाजाचा मोठा शौकीन होता. माय सांगते की पोकळ आवाज लागलेल्या दिवशी तो घरी येताना लांबूनच गाणं म्हणत यायचा.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती आणि मी रांगत होतो, तेव्हा गोळ्यांसाठी शिशाला मागणी आली. मामा, म्हणजे मायचा धाकटा भाऊ, त्याआधीच उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखात एका शिशा-जस्ताच्या खाणीत कामाला लागला होता. खाणीचं नाव मुद्दाम देत नाही. तिथं तो मुकादम झाला आणि माणसं न्यायला गावी आला. डोक्याला फेटा, पायात बूट. ओसरीवर बसून त्यानं बाला सांगितलं, "दाजी, इथं उन्हात करपून काय मिळतंय? तिथं जमिनीच्या पोटात गारवा हाय. दगडात चांदीवानी चमक हाय." बा म्हणाला, "चांदी खाऊ घालशील का भाकर?" मामा हसला, "दोन्ही." बा गेला. गावातली आणखी काही माणसंही गेली. वर्षाच्या आत मामा एकटा परत आला; बाकीची माणसं तिकडेच कामाला राहिली, ती पुन्हा गावी आली नाहीत. बाच्या डोक्यावर खाणीचं छत कोसळलं होतं. मायला आणि सगळ्या गावाला त्यानं एकच सांगितलं, "तिथला दगड मुका असतो. आपल्या पाषाणासारखा बोलत न्हाई. आवाजच न देता आला वरून. कोनाची चूक न्हाई."

त्यानंतर तो खाणीत परत गेला नाही. आमच्याच घरी राहिला, लग्न केलं नाही, विहिरींवर मजुरी करून मला शिकवलं. मला वडील असे त्याच्याच रूपात आठवतात. शाळेला दांडी मारली की कान धरून न्यायचा आणि मास्तरांसमोर सोडून द्यायचा, "हे घ्या तुमचं गाढव." खाणीतून आणलेले तीन दगड त्याच्याकडे होते. एक शिशाचा, इवलासा पण हाताला ओढ लावेल इतका जड, फोडला की चौकोनी ठोकळेच पडायचे. दुसरा जस्ताचा, राळेसारखा तपकिरी, खिळ्यानं जोरात खरवडून नाकाशी नेला की सडक्या अंड्याचा वास. तिसरा पिवळा चकचकीत, ज्याला गावातली सगळी पोरं सोनं समजायची. "ते फसवं हाय," मामा म्हणायचा, "नुसतं गंधक अन् लोखंड. चमकतं म्हणून हरखून जाऊ नये, भाचेबुवा." कॉलेजात भूगर्भशास्त्र घेतलं ते या तीन दगडांमुळे. त्याला सांगितलं तर म्हणाला, "दगड फोडायला कॉलेज कशाला? घरी काय कमी दगड व्हते?" पण त्या दिवशी त्यानं सगळ्या आळीत गूळ वाटला.

एक गोष्ट मात्र मला तेव्हा विचित्र वाटायची. विहिरीत सब्बल पोकळ वाजली की इतर माणसं पुढे धावायची, आणि मामा ओरडायचा, "मागं व्हा." जवळच्या हट्टा गावात एका विहिरीवर मीही कान लावायला वाकलो, तर त्यानं माझा सदरा असा मागून खेचला की गुंड्या तुटल्या. माणसं हसली. "सटवाजी, पान्याला भ्यायला लागलास काय रं? खानीनं पार बाई करून टाकलं तुला." त्यानं खाली पडलेल्या गुंड्या वेचून माझ्या हातात दिल्या. एरवी कुणाचं ऐकून न घेणारा माणूस.

यंदाच्या हिवाळ्यात आमच्या प्राध्यापकांनी सहल काढली ती त्याच खाणीला. शिशा-जस्ताच्या चालू खाणी आपल्याकडे आहेतच किती? मी नाव दिलं, पण बाबद्दल कुणाला सांगितलं नाही. आत गेल्यावर दिव्याच्या उजेडात पाहिलं तर दगड काळा नव्हता, करडा-पांढरा होता, चुनखडीच्या जातीचा. प्राध्यापक भिंतीला हात लावून सांगत होते की हे थर एके काळी समुद्राच्या तळाशी साचले, मग दाबाखाली घडी घातल्यासारखे दुमडले, आणि दुमडताना पडलेल्या भेगांतून शिसं आणि जस्त येऊन बसलं. भिंतीत खरंच चकाकणाऱ्या रेघा होत्या, कुठे केसाएवढ्या, कुठे हातभर रुंद. मधूनच पाटीच्या दगडाचा एक काळा, बुळबुळीत थर जायचा. "या थराकडे लक्ष ठेवा," प्राध्यापक म्हणाले, "वरचा दगड याच्यावरून घसरतो." इतक्यात पुढे चालणारा म्हातारा मिस्त्री थांबला, त्यानं हात आडवा करून आम्हाला अडवलं आणि लांब सळईनं छत वाजवायला सुरुवात केली. टण, टण, टण... आणि एका जागी ढब. "पीछे," तो शांतपणे म्हणाला. आम्ही मागे सरलो. "छत बोलता है, बाबू. ठोस है तो घंटी, ढोल जैसा बोले तो भागो. नए आदमी को पहले दिन यही सिखाते हैं."

सगळे वर निघाल्यावर मी त्याच्याजवळ थांबलो. गंगारामचा मुलगा असं सांगितलं. त्यानं दिवा उचलून माझ्या चेहऱ्यासमोर धरला. मग म्हणाला, "वो कुएँवाला? हैदराबाद तरफ़ का?" आमचा मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मग त्यानं सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहू शकत नाही, थोडक्यात लिहितो. नवीन माणसांना छताचा आवाज शिकवायचं काम मुकादमाचं. पण मामानं साहेबाला सांगितलं होतं की ही माणसं जुनी, खाणीत मुरलेली आहेत. तसं सांगितलं की टोळी थेट पुढच्या तोंडावर, म्हणजे नवा दगड फोडतात तिथं, लागायची आणि मुकादमाचं वजन वाढायचं. मग साहेबासमोर त्यांना पहिला धडा कसा देणार? दिलाच नाही. त्या दिवशी बानं सब्बल मारली, छत पोकळ वाजलं. मिस्त्री लांबून ओरडला. बा पळाला नाही, उलट जवळ गेला आणि कान वर करून उभा राहिला. "हँस रहा था," मिस्त्री म्हणाला. "साथवालों को बुला रहा था. बोला, पानी है."

मी वसतिगृहात परतलो. त्यानंतर मामाला एकही पत्र लिहिलं नाही. त्याची दोन आली, गावातल्या मास्तरांकडून लिहून घेतलेली, तब्येत बरी नाही म्हणून. मी म्हटलं, सुट्टीत जाईन, समोर बसवीन आणि विचारीन, दगड मुका होता का? मग ही बातमी आली.

अकोल्याला गाडी बदलून वसमतला उतरलो. दिवस-कार्य होऊन गेलेलं होतं. घरात येणारा प्रत्येक जण मामाचे गोडवे गात होता. "भाच्यासाठी जन्म काढला त्यानं." मी मान हलवत होतो. प्रश्न होता तो मायचा. जिनं या भावाला इतकी वर्षं भाकर वाढली, तिला हे सांगायचं का? सांगितलं तर तिच्याजवळ भाऊही राहणार नाही. न सांगितलं तर मीही मामासारखाच ठरेन. काही दिवस असेच गेले. शेवटी ती तुरी निवडत बसली होती तेव्हा मी जवळ बसलो आणि अडखळत सगळं सांगितलं.

तिचे हात थांबले नाहीत. खडे वेगळे काढत ती म्हणाली, "मला ठाव हाय."

"कधीपासून?"

"तो आला त्याच दिशी. माझ्या पायावर डोकं आपटून घेतलं त्यानं. समदं सांगितलं."

"मग मला काहून न्हाई सांगितलं? आणि मुका दगड, मुका दगड... तूही तेच सांगत आलीस."

"तू लहान व्हतास. मंग त्याला मामा-मामा करून राहिला व्हतास. मंग शिकायला गेलास." तिनं मूठभर तूर पुढं ओढली. "सांगायचा दिवस कोनता, तूच सांग."

"त्याला माफ केलंस तू?"

"न्हाई." तिनं पहिल्यांदाच वर पाहिलं. "माफ कशापायी करू? पर चूल पेटवायची व्हती. दुसरं कोन व्हतं पेटवाया?"

मी उठून बाहेर गेलो. मामानं फसवलं हे मी खाणीतून घेऊन आलो होतो, ते कसंतरी पेलत होतो. पण या घरात दोन माणसं माझ्याभोवती बसून इतकी वर्षं एकच गोष्ट गिळत होती, माझ्या ताटात वाढत होती, आणि मी एकटा मजेत जेवत होतो... हे मला अजून पेललेलं नाही. मामाची माया खरी होती की फेड होती? माय म्हणते, एका माणसात दोन्ही असतं. मला ते पटत नाही. कदाचित माझं वय तेवढं झालं नसेल.

मामाची बाज परवापर्यंत अंगणात कडुलिंबाखाली होती. परत आल्यापासून तो कधी छपराखाली झोपला नाही. थंडीत घोंगडी घेऊन बाहेर, पावसात बाजेवर बांबूच्या तट्ट्या टाकून त्यांच्या खाली, पण घरात नाही. आम्ही म्हणायचो, मामाला वाऱ्याची सवय. परवा संध्याकाळी अवकाळी सर आली. माय म्हणाली, "बाज आत घे, सुतळी कुजंल." मी ओसरीवर बसून राहिलो. ती पावसात गेली, बाजेचं एक टोक उचललं आणि तशीच उभी राहिली. पाणी तिच्या कपाळावरून ओघळत होतं. मग मी गेलो आणि दुसरं टोक धरलं. मायसाठी धरलं. बाज आत आणून भिंतीशी टाकली. तिच्यावर मी अजून बसलेलो नाही.