अप्पांची तुटकी रेघ

दाक्षायणी माझी शेजारीण. फ्लेक्सच्या एका दुकानात ती कॉम्प्युटरवर पाट्या तयार करते. तिचे वडील अप्पा, म्हणजे चन्नवीर पेंटर, जन्मभर हाताने पाट्या रंगवायचे. म्हणजे ज्या फ्लेक्सने बापाचा धंदा बुडवला, त्यावरच लेकीचं घर चालतं. हे मी तिला एकदा तोंडावर बोललेसुद्धा. माझी जीभ तिखट, सगळ्या गल्लीला माहीत आहे. ती नुसती हसली.

गेल्या वर्षी अप्पांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणंही जवळजवळ थांबलं. तेव्हा दाक्षायणीने खूळ डोक्यात घेतलं, अप्पांच्या अक्षराचा फॉन्ट करायचा. हात गेला तरी अक्षर राहावं, आणि अप्पांनी ते एकदा डोळ्यांनी बघून ओळखावं, एवढंच तिला हवं होतं.

सुट्टीला ती जुन्या पाट्यांचे फोटो काढत हिंडायची. चादरवाल्याकडून द, शेंगा चटणीच्या दुकानावरून णी, सायकलवाल्याकडून य. फोटो सॉफ्टवेअरमध्ये घालायचा, अक्षराच्या कडेने टिंबं मांडायची आणि टिंबं ओढून ओढून वळण जमवायचं. एका 'ळ'पायी तिने आठवडा घालवला. मी म्हटलं, "अगं, एवढ्यात माझ्या कुरडया वाळून डब्यात गेल्या असत्या."

पहिला नमुना छापून तिने अप्पांपुढे धरला, तेव्हा मी तिथेच होते. अप्पांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "यारदु?"

मी नातेपुत्याची, मला कानडीतलं ओ की ठो कळत नाही. दाक्षायणीचा चेहरा मात्र उतरला. "कुणाचं हाय, म्हणून विचारतायत," ती म्हणाली.

मला तिची फार दया आली, पण तोंडातून भलतंच गेलं. "जाऊ दे गं, त्यांना तरी आता काय कळतंय." त्यानंतर ती माझ्याशी बोलेनाशी झाली.

मग एका संध्याकाळी तिनेच मला हाताला धरून पिठाच्या गिरणीसमोर नेलं. तिथे अप्पांच्या हातची पाटी होती. "काकू, वरची रेघ बघा की."

शब्दावर सलग रेघ नव्हतीच. प्रत्येक अक्षरावर आपापली आखूड रेघ, उजव्या टोकाला वर वळलेली, आणि मध्ये बारीक फट. अप्पा अक्कलकोटकडच्या खेड्यात आधी कानडी लिहायला शिकले. कानडी अक्षराच्या डोक्यावर अशीच वळलेली रेघ असते, तिला तलकट्टु म्हणतात, असं दाक्षायणीने सांगितलं. मराठी लिहितानाही हाताची ती सवय सुटली नाही. गिऱ्हाइकं कुरकुरायची, "पेंटर, रेघ तुटली की!" अप्पा म्हणायचे, "प्रत्येकाला आपापलं डोकं हाय."

दाक्षायणीने त्या फटी म्हणजे चूक असं समजून सगळ्या रेघा सांधल्या होत्या, टोकं सरळ केली होती. "मी अप्पांनाच दुरुस्त केलं, काकू," ती म्हणाली.

तिने सगळी अक्षरं पुन्हा उघडली. रेघा तोडल्या, टोकं वळवली. या वेळी नमुना म्हणून स्वतःचं नाव छापलं. साऱ्या गावाची नावं रंगवणाऱ्या अप्पांनी ते कधीच कुठे रंगवलं नव्हतं. दुकानावर लेकीचं नाव घालायची पद्धत होती कुठे?

अप्पांनी कागद मांडीवर घेतला. डाव्या हाताचं बोट वरच्या रेघेवरून फिरवलं, फटीफटीशी थांबत. मग स्पष्ट म्हणाले, "नंदु."

मला वाटलं, म्हातारा पार भरकटला. मी दाक्षायणीच्या कानाशी लागले, "नंदू कोण गं? तुमच्यात कुणी हाय का?"

ती रडत होती आणि हसतही होती. "कुणी न्हाय हो काकू. नंदु म्हणजे माझं."

अप्पांचं बोट अजून तिच्या नावावरच होतं. कानडीतला तेवढा एक शब्द मला आता येतो.