हळदीच्या हातानं भरलेलं बिल

बी.एस्सी.ला असताना मी मावशीकडे राहायचे, गोंदियाजवळच्या कुडव्यात. आमचं गाव सालेकशाच्या पुढे, जंगलाला लागून. रोज येऊन-जाऊन कॉलेज करणं कठीण, म्हणून मावशीनंच आईला सांगितलं, "पोरीले माझ्याकडं ठेव. मी तरी एकटीच खाऊन राहिली."

मावसाजी गेल्यावर मावशीला त्यांच्या जागेवर रेल्वेत नोकरी लागली होती. ही नव्याण्णव सालची गोष्ट. पगार सुरू झाल्यावर तिनं कुडव्यात दोन खोल्या बांधायच्या ठरवल्या आणि बँकेत गेली. बँकेनं विचारलं, याआधी तुमच्या नावावर काय होतं? काहीच नव्हतं. गावचं घर, गाडी, खातं, सगळं मावसाजींच्या नावावर. मग जामीनदार आणा म्हणाले. ती दिरांकडे गेली. त्यांनी चहा पाजला आणि विषय बदलला. शेवटी ऑफिसातल्या एका बाईनं सही केली. मावशी हे सांगायची तेव्हा चिडून सांगत नसे. भाजी निवडता निवडता सांगायची आणि शेवटी म्हणायची, "तुयावर ही पाळी नाई येऊ द्याची."

मी दुसऱ्या वर्षाला होते, तेव्हा एक दिवस ती मला बँकेत घेऊन गेली. तिनं आपली एक ठेव मोडून माझ्या नावावर नवी केली होती आणि त्या ठेवीच्या आधारावर मला क्रेडिट कार्ड मिळणार होतं. काउंटरवरचे साहेब हिंदी बोलणारे, वयस्कर. त्यांनी मला समजावलं, "देखो बेटी, लिमिट जितनी है उतना खर्च नहीं करना. थोडा इस्तेमाल करो, और बिल पूरा भरो. बिल पर जो कम से कम वाली रकम लिखी रहती है, उसकी तरफ देखना भी मत." मी मान डोलावली. मावशीनं मात्र पुन्हा विचारलं, "तारीख चुकली तं?"

"तो रिकॉर्ड खराब," ते म्हणाले.

गावी बाबांना कळल्यावर त्यांनी फोन केला. बाबांनी आयुष्यात कुणाची उधारी केली नव्हती आणि त्याचा त्यांना अभिमान होता. "बाई, पोरीले उधारीची आदत कायले लावता?"

"भाऊजी, उधारी नोय थे," मावशी म्हणाली. "उद्या तिले काही करायचं असन, तं बँकेनं तिले ओळखलं पायजे. मले कोणी ओळखत नोयतं."

बाबांनी फोन ठेवला, पण नंतर कधी अडवलं नाही.

आमची पद्धत साधी होती. महिन्याचं तेल, साबण, साखर मी बाजारातल्या एका मोठ्या दुकानातून कार्डावर आणायचे. मशीन असलेली दुकानं तेव्हा थोडीच होती. मावशी तेवढे पैसे त्याच दिवशी माझ्या हातात द्यायची. बिल आलं की मी सायकलनं बँकेत जाऊन भरायचे. बिल कधी तिनं भरलं नाही. ताप असला तरी, "तूच जाय."

मग दादाचं लग्न ठरलं. आम्ही दोघी चार दिवस आधीच गावी आलो. हळदीच्या दिवशी सकाळी मांडवात बायका गाणी म्हणत होत्या आणि दादाला हळद लावता लावता आम्ही एकमेकींनाही माखून टाकलं होतं. तेवढ्यात मावशीनं माझा हात धरला.

"बिल भरलं का वं?"

"लग्न झाल्यावर भरीन ना, मावशी."

"लग्न उद्या हाय. तारीख आज हाय."

"तू कुडव्यातल्या कोणाला तरी फोन कर ना, भरून टाकतील."

"त्याईच्या नावचं कार्ड नोय थे. चाल, गाडीचा टाइम झाला."

आई ओरडली, "भावाची हळद सोडून काऊन जाऊन राहिली?" मावशी फक्त म्हणाली, "येतो आम्ही जेवाच्या आंधी." सालेकसा स्टेशनपर्यंत चुलतभावानं मोटारसायकलवर सोडलं, तिघं एका गाडीवर. पॅसेंजरमध्ये लोक आमच्या पिवळ्या तोंडांकडं बघत होते. एका म्हातारीनं विचारलं, नवरी कोणती? मावशी म्हणाली, "दोघीबी नाई, माय."

बँकेत पोचलो तेव्हा काउंटर बंद व्हायला थोडाच वेळ होता. साहेबांनी माझ्या हातातल्या पिवळ्या झालेल्या नोटा घेतल्या आणि हसले. "शादी किसकी है?"

"भाई की."

"और तुम यहाँ?" त्यांनी पावतीवर शिक्का मारला. मावशीकडे पाहिलं आणि उठून तिला पाणी आणून दिलं.

संध्याकाळी घरी परतलो तेव्हा पंगती बसल्या होत्या. नातेवाइकांनी खूप चिडवलं. आई मात्र मावशीशी बोलली नाही. बाबा वाढत होते. माझ्या पानाजवळ येऊन त्यांनी हळूच विचारलं, "भरलं?"

"हो."

"मंग जेव पोटभर," म्हणाले आणि पानात आणखी एक बुंदीचा लाडू ठेवला.

पुढे मी लॅबचा कोर्स केला, गोंदियात एका डॉक्टरांच्या लॅबमध्ये काही वर्षं काम केलं. मग आमगावला स्वतःची छोटी लॅब टाकायची ठरवली. रक्त तपासायच्या मशीनसाठी कर्ज हवं होतं. जामीनदार म्हणून मावशी चांगलं लुगडं नेसून माझ्यासोबत आली. मॅनेजर बाईंनी संगणकात बघितलं आणि म्हणाल्या, "कॉलेजपासूनचा रेकॉर्ड आहे तुमचा, एकही तारीख चुकलेली नाही. मशीन तारण राहील, जामीनदार नको." मावशीनं जामिनासाठी आणलेले कागद पुन्हा पर्समध्ये ठेवले. बाहेर आल्यावर म्हणाली, "उगाच सुट्टी टाकली मी," आणि पदरानं डोळे पुसले.

लॅब सुरू झाल्यावर मला ठेवीशिवायचं साधं कार्ड मिळालं आणि ती ठेव सुटली. मी पैसे मावशीला दिले. त्या दिवशी शेजारच्या काकू तिथं होत्या. त्या म्हणाल्या, "चला, आता तरी येसान तुमी अमरकंटकले." तेव्हा मला कळलं. गल्लीतल्या बायका दरवर्षी अमरकंटकला, नर्मदेच्या उगमाला जायच्या आणि मावशी दरवर्षी पाय दुखतात म्हणून सांगायची. तिचे पाय कधीच दुखत नव्हते. त्या ठेवीतून तिला जायचं होतं. माझ्या कॉलेजच्या वर्षांत आणि नंतरही तिनं मला हे कळू दिलं नाही.

मी रडायला लागले तर ती रागावली. "आता रडून काय करतं? स्वेटर दे तुया, थंडी असन तिकडं."

त्या हिवाळ्यात ती बायकांसोबत अमरकंटकला गेली. तिथून फोन आला, मागं बायकांचा कलकलाट. "पोरी, आयकून राहिली का? नर्मदेचं पाणी लई थंडं हाय वं. मी दोनदा डुबकी मारली."