वटवट्याच्या घरच्या बातम्या

आमच्या आत्याचं तोंड सकाळी सुरू झालं, की थेट झोपेतच बंद व्हायचं. तळ्याकाठच्या बोरूच्या बेटात एक इवलासा पक्षी असतो, वटवट्या. अंगाने मातकट, दिसायला बेताचाच, पण दिवसभर त्याची किरकिर चालू. आतोबा लग्नानंतर आत्याला त्याच नावाने हाक मारू लागले. हा एक विनोद सोडला, तर आतोबा म्हणजे मुलखाचे मुखदुर्बळ. दोघं मिळून बोरू कापायचे, वाळवायचे आणि पुढच्या खोलीत बसून त्याचे खिडक्यांचे पडदे विणायचे. ती बोलायची, ते सुतळी ओढायचे.

पन्नाशीत आत्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. "आवाज हवा असेल तर मी सांगेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. घर कसं खायला उठलं. आत्या विणता विणता थांबायची आणि भिंतीकडे बघत बसायची. जेवणही दोन घासांवर आलं.

आतोबा हवालदिल झाले. एके दिवशी बोरू कापून आले ते पायही न धुता तिच्यासमोर बसले. "अगं, ऐक. वटवट्याने घरटं केलंय. चार काड्यांना बांधून. वाटीएवढं." एवढ्यानेच त्यांना धाप लागली.

आत्याने हाताने विचारलं, मग?

"मग काय... मादी बसलीय आत. तेवढं बेट न कापता ठेवलं मी."

आता रोज काहीतरी सांगणं आलं. म्हणून आतोबा काम थांबवून, होडीत बसून नीट बघू लागले. पिल्लं निघाली, नराने किडे आणले, साप आला तेव्हा यांनी वल्हं आपटून त्याला पिटाळलं. संध्याकाळी सगळं नकलांसकट. मी सुटीत गेले, तर माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. आतोबा तोंडाचा आ करून पिल्लू झाले होते आणि आत्या तोंड दाबून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होती.

पिल्लं उडाली त्या दिवशी आतोबा घुम्यासारखे दारात उभे राहिले. आत्याने बाही ओढली.

"गेली गं सगळी. आता उद्या काय सांगू तुला?"

 आत्याने कोपऱ्यातला स्वतःचा विळा काढला आणि धार लावायला बसली.

दुसऱ्या दिवसापासून तीही होडीत. पुढे डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली. आवाज आला, पण जाडाभरडा. त्या आवाजातलं पहिलं वाक्य तिने तळ्यावरच काढलं. काठालगत दुसऱ्या एका जोडीचं घरटं दिसलं होतं.

"अहो, जरा सरका ना. मला दिसत नाहीये."