सव्वा रुपया बाकी

चंपतराव रेवतकरानं उभ्या जन्मात कोणाला व्याजाचा एक पैसा दिला नव्हता, आणि ही गोष्ट कोणाला सांगायची त्यानं बाकीही ठेवली नव्हती. संत्रा मार्केटातल्या हमालांना ती पाठ होती. काटोलच्या बसमध्ये शेजारी बसलेला अनोळखी माणूस तिकीट काढून होत नाही तोच ती सुरू व्हायची, आणि कळमेश्वर मागे पडलं तरी संपायची नाही.

धंदा पेट्यांचा. संत्री भरून दिल्ली-कलकत्त्याला जातात त्या लाकडी पेट्या. मार्केटच्या मागच्या अंगाला टिनाचं एक लांबडं शेड, त्यात पाच सुतार दिवसभर खिळे ठोकत आणि चंपतराव मधोमध स्टुलावर बसून तोंडानं धंदा करी. आरागिरणीवाला फळ्या द्यायचा महिनाभराच्या मुदतीनं. महिना भरायच्या आत पेट्या विकल्या जात. म्हणजे धंदा परक्याच्या पैशावर, अन् व्याज शून्य. मुदतीच्या शेवटच्या दिवशी, दिवेलागणीच्या जरा आधी, चंपतराव आरागिरणीत हजर. एक दिवस आधी पैसे गेले तर त्याला लुटल्यासारखं वाटे, अन् एक दिवस उशीर झाला असता तर तो अंगात ताप भरून पडला असता.

देताना सव्वा रुपया मात्र मागे ठेवी. ही रीत त्याच्या बापाची, बापूजींची. देणं पन्नास असो की पाच हजार, सव्वा रुपया बाकी. खातं कोरं करायचं नाही. कोरं केलं म्हणजे दुकानदाराला 'आता तुझं तोंड पाहत नाही' असं सांगितल्यासारखं. दुकानदारही तो सव्वा रुपया मुकाट पुढच्या पानावर नेत. त्यावर व्याज लावायचं कोणाच्या डोक्यात येत नसे. बापूजी वारले तेव्हा आरागिरणीवाला तेरवीला येऊन पोटभर जेवला आणि हात धुता धुता म्हणाला, "बापूजीकडं सव्वा रुपया राह्यला होता, म्हनून आलो बाप्पा. नाईतं एवढ्या दूर कोन येते?" ही गोष्ट सांगताना चंपतरावची छाती अजून फुगायची.

या सगळ्या नावलौकिकाचा चटका बसत होता घरी प्रयागबाईला. शेजारच्या सिंधूताईकडे फ्रीज येऊन नऊ उन्हाळे झाले होते, आणि उन्हाळे कुठले, तर नागपूरचे. सिंधूताई वाटीत बर्फाचे चार खडे घालून पाठवायची. ती रिकामी वाटी परत नेऊन देताना प्रयागबाईला तिचं वजन परातीएवढं लागायचं.

"अजी, सीताबर्डीवर ताराचंद शेट हप्त्यानं फ्रीज देऊन राह्यला. सारी गल्ली घेऊन राह्यली."

"हप्ता म्हंजे व्याजच ना वं? नाव बदललं म्हनून काय झालं?"

"मंग नगदी घ्या."

"साडेचार हजार नगदी? अन् फळ्या का तुहा बाप देईन?"

एका मे महिन्यात सिंधूताई बर्फाची वाटी घेऊन दारात उभी असताना हाच वाद पुन्हा पेटला. चंपतराव धोतराचा सोगा सावरत उठला. "ऐका सिंधूताई, तुमी साक्षीदार. ज्या दिवशी हा चंपत व्याजाचा एक पैसा भरन, त्या दिवशी फ्रीज घरात. तोवरी माठाचं पानी गोड!"

"एक पैसा?" प्रयागबाईनं विचारलं.

"एक पैसा."

प्रयागबाई गप्प झाली. भांडणाऱ्या बाईला चंपतराव कधी भ्याला नव्हता. गप्प बसलेल्या बाईनं मात्र त्याला त्या रात्री दोनदा जागं केलं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात बँकेनं क्रेडिट कार्ड काढलं. सत्त्याऐंशी साल लागत होतं. रामदासपेठेतल्या शाखेत गिरिधर देशकर नावाचे नवे साहेब आले होते. वरच्या कचेरीनं त्यांना महिन्याला वीस कार्डं खपवायला सांगितलं होतं, आणि कार्ड म्हटलं की लोक रेशनचं काढून दाखवत होते. साहेबांनी चंपतरावला खुर्ची दिली, चहा दिला आणि मग कार्ड पुढे केलं.

"चंपतरावजी, खिशात पैसे नकोत. दुकानात हे दाखवा, सही करा, माल उचला."

"अन् पैसे?"

"दर महिन्याच्या पाच तारखेला आम्ही बिल काढतो. वीस तारखेपर्यंत भरा. व्याज नाही."

"सहा तारखेले घेतलं तं?"

"ते पुढच्या पाच तारखेच्या बिलात येईल. आणि मग वीस तारखेपर्यंत सवड."

चंपतरावनं बोटांची पेरं मोजली. दोनदा मोजली. "पंचेचाळीस दिवस! फुकट!"

साहेब दचकले. बँकेतल्या लोकांना हे समजायला आठवडा लागला होता. "हो. फक्त बिल पूर्ण भरायचं हं."

"साहेब, चंपत रेवतकराले भरनं शिकवता का?"

तिथंच गडी फसला. सव्वा रुपया ठेवून भरणं, याशिवाय दुसरं भरणं त्यानं जन्मात पाहिलेलं नव्हतं.

पुतणी लतिकाचं लग्न फाल्गुनात होतं. सहा जानेवारीला चंपतराव साड्यांच्या दुकानात गेला आणि चोविसशे रुपयांचं कापड घेतलं. दुकानदारानं कार्ड एका लोखंडी यंत्रात ठेवलं, वर कार्बनची चिठ्ठी अंथरली आणि खट्याक करून दांडा फिरवला. चंपतरावला वाटलं, मोडलं लेकाचं! पण कार्ड शाबूत निघालं. पाच फेब्रुवारीला बिल निघालं. सहा फेब्रुवारीला, नव्या मुदतीचं पहिलं टोक पकडून, त्यानं आंदणाची सोळाशेची भांडी घेतली. आणि वीस फेब्रुवारीला, बँक बंद व्हायला दहा मिनिटं असताना, साड्यांचं बिल भरायला खिडकीशी उभा राहिला. भरले तेवीसशे अठ्ठ्याण्णव रुपये पंचाहत्तर पैसे.

खिडकीतल्या बाईनं नोटा दोनदा मोजल्या. "काका, सव्वा रुपया कमी आहे."

"कमी नाई बाई, ठेवला हाये."

मार्चात पुढचं बिल आलं. सगळं इंग्रजीत. चंपतरावला इंग्रजी येत नव्हतं, पण व्याजाला इंग्रजीत काय म्हणतात तेवढं येत होतं. वैऱ्याचा चेहरा ओळखून ठेवावा लागतो, तसा तो शब्द त्यानं ओळखून ठेवला होता. त्या शब्दापुढे आकडा होता, एकशे सव्वीस रुपये एक पैसा.

त्यानं कागदाची बारीक घडी केली, टोपीच्या अस्तरात खुपसली आणि सायकल थेट रामदासपेठेत आणली.

"साहेब, तुमचा कारकून झोपीत होता का? सव्वा रुपयावर एकशे सव्वीस व्याज? आमच्या खेड्यातला सावकार बरा होता. त्याले लोक शिव्या तरी देत."

गिरिधर साहेबांनी कागद पाहिला, जुनं बिल मागवलं आणि पेन्सिल घेतली. "व्याज सव्वा रुपयावर नाही, चंपतरावजी. ती बिनव्याजी मुदत मिळते ती सगळं बिल फेडलं तरच. थोडंही मागे राहिलं की मुदत दिलीच नव्हती असं बँक धरते. मग साड्या घेतल्या त्या दिवसापासून, चोविसशेवर, महिन्याला शेकडा अडीच. पंचेचाळीस दिवसांचे नव्वद रुपये."

"पन ते तं मी भरले!"

"भरेपर्यंतच्या दिवसांचे हे. आणि मागची बाकी उभी असताना नव्या खरेदीलाही मुदत नाही. भांडी घेतली सहाला, बिल निघालं पाच मार्चला. सत्तावीस दिवस. सोळाशेवर छत्तीस."

"एकशे सव्वीस झाले." चंपतरावचा आवाज खाली आला. "अन् हा एक पैसा?"

साहेबांनी चष्मा पुसला. "तो तुमच्या सव्वा रुपयाचा."

चंपतरावनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिवस मोजून पाहिले. मग उसळला. "म्हंजे पोरगी दिली, आंदन दिलं, पंगती उठल्या, अन् मानपानात एक टावेल कमी पडला, तं तुमी म्हनता लगनच झालं नाई?"

"बँकेत तसंच आहे."

"आमच्यातबी असे व्याही असतात. पन त्यायच्या घरी पोरगी देत नाई कोनी."

शेजारच्या टेबलावरचा कारकून खाली वाकून हसला. चंपतरावनं खुर्ची पुढे ओढली आणि आवाज अगदी बारीक केला. "साहेब, पैशाचं काई नाई. दीडशे घ्या. पन त्याले दंड म्हना, फी म्हना, देवळाची वर्गनी म्हना. व्याज म्हनू नका. घरी फ्रीज हाये."

"फ्रीज आहे?"

"नाई. म्हनूनच तं!"

साहेबांना त्यातलं काही कळलं नाही. बिलं मुंबईहून छापून येतात, तिथला शब्द माझ्या हातात नाही, एवढंच ते म्हणाले आणि दुसरा चहा मागवला. चंपतरावनं कागद पुन्हा टोपीत खुपसला, पण तो चहा घेतला नाही. फुकटचा चहा नाकारायची त्याची ही पहिलीच वेळ.

घरी आल्यावर त्यानं टोपी खुंटीला टांगली आणि शेडकडे गेला. कागद टोपीत राहिला आहे हे त्याला पेट्या मोजताना आठवलं, आणि आठवताच मोजणी चुकली. पण तो दिवस नेमका प्रयागबाईचा टोप्या धुवायचा होता. ती चौथी शिकलेली. आकडे तिनं स्वतः वाचले आणि इंग्रजीसाठी लग्नाला आठ दिवस उरलेल्या लतिकाला बोलावून आणलं.

संध्याकाळी चंपतराव घरात शिरला तर माठाची तिवई आपल्या जागी नव्हती. स्वयंपाकघराचा तो कोपरा घासून, धुऊन कोरडा केलेला. माठ खिडकीपाशी जाऊन बसला होता. टोपी दोरीवर वाळत होती.

"माठ काहून सरकवला वं?"

"जागा करून राह्यली."

"कशाले?"

"एका पैशाले."

सिंधूताई वाटी घ्यायच्या निमित्तानं आधीच येऊन पाटावर बसलेली होती. चंपतरावनं तिच्याकडे पाहिलं आणि शेवटचा प्रयत्न केला. "हे बँकेचं व्याज हाये. सावकाराचं नाई. याच्यात फरक असते."

"सिंधूताई, यायनं किती म्हनलं होतं वं?"

"एक पैसा म्हनलं होतं बाई. माह्यासमोर."

"अन् कागदावर किती हाये?"

"एकशे सव्वीस रुपये एक पैसा," सिंधूताईनं जणू स्वतः बिल काढलं असावं तसं सांगितलं.

"वरचे एकशे सव्वीस सोडून देते मी," प्रयागबाई म्हणाली. "माहं एका पैशात भागते."

चंपतराव पाटावर बसला. बोललेलं नाकारणारा माणूस तो नव्हता. नाकारलं असतं तर मार्केटात त्याला कोणी महिन्याची काय, दुपारचीही मुदत दिली नसती. "आनतो बाप्पा," तो म्हणाला. "पन हप्त्यानं नाई."

दुसऱ्याच दिवशी जाऊन त्यानं कार्डाचं सगळं देणं, त्या दिवसापर्यंतचं व्याज धरून, पैशापर्यंत फेडलं. साहेब म्हणाले, "शून्य." तो शब्द ऐकून त्याला मसणातून आल्यासारखं वाटलं. घरी येऊन त्यानं अंघोळ केली.

सहा एप्रिलला तो ताराचंद शेटच्या दुकानात गेला. ताराचंद हसत पुढे आला. "आओ चंपतभाऊ! आखिर भाभी जीत गई! बारा हप्ते लिखू?"

चंपतरावनं कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. "हप्ता गया चुल्हे में. पंचेचाळीस दिन फुकट." मग त्याच्या ध्यानात आलं की एप्रिल तीस दिवसांचा असतो, म्हणजे चव्वेचाळीसच. त्या एका दिवसासाठी तो घरापर्यंत हळहळत गेला. मागे ठेल्यावर साडेचार हजारांचा फ्रीज दोरीनं बांधलेला डुलत येत होता.

पहिला बर्फ जमला तो प्रयागबाईनं वाटीत घालून सिंधूताईकडे पाठवला. सिंधूताईचा फ्रीज चांगला चालू होता. तरी पाठवला.

वीस मेला, ऊन असं की सायकलच्या सीटला हात लावता येत नव्हता, चंपतराव बँकेच्या खिडकीशी पोचला आणि नोटा सरकवल्या. बाईनं मोजल्या. पुन्हा मोजल्या. "काका, सव्वा रुपया जास्त आहे."

"जास्त नाई बाई, ठेवला हाये."

जूनमध्ये गिरिधर साहेबांनी त्याला बोलावून घेतलं. "चंपतरावजी, तुमचा सव्वा रुपया आमच्याकडे जमा दिसतो. परत घेऊन जा."

"राहू द्या साहेब. खातं कोरं नसते कराचं. पहिले बाकी माह्याकडं ठेवत होतो, आता तुमच्याकडं ठेवली. मुदतबी शाबूत, येनं-जानंबी शाबूत."

साहेबांनी नियमांची वही चाळली. नियमात याला आडवं काही नव्हतं.

"अन् साहेब, याच्यावर मले व्याज किती?"

"जमेवर व्याज नाही हो."

"पाहा! तुमचा सव्वा रुपया माह्याकडं राह्यला तं एकशे सव्वीस, अन् माहा तुमच्याकडं राह्यला तं नमस्कार." एवढं म्हणून त्यानं चहा मागवायला लावला आणि त्या दिवशी दोन कप घेतले.

काटोलच्या बसमधली गोष्ट त्यानंतर थोडी बदलली. परवा प्रयागबाई सोबत होती. शेजारच्या गृहस्थाचं तिकीट फाटायच्या आत चंपतराव सुरू झाला, "एवढी मोठी बँक, पन मले सव्वा रुपया देनं लागते. महिन्याच्या महिन्याले लेखी कबूल करते."

"मंग घेऊन काहून टाकत नाई?" गृहस्थानं विचारलं.

"काहून घेऊ? मी मेलो तं तेरवीले याले साहेबाले काई कारन तं पाहिजे!"

प्रयागबाईनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली. बाहेरून अजून घाम फुटलेली, थंडगार. एक घोट घेऊन तिनं ती त्या गृहस्थापुढे केली. "घ्या भाऊ, पानी घ्या. अन् हे थंड कसं झालं, तेबी विचारा यायले."

चंपतराव खिडकीबाहेर पाहू लागला. कळमेश्वर यायला अजून बराच वेळ होता.