सिस्टरची दुरुस्ती

सिस्टर चार वेळा आमदार झाल्या आणि त्यातला बराचसा काळ त्यांनी एकाच वाक्यावर काढला: "मंत्रिमहोदयांच्या आश्वासनानंतर मी माझी दुरुस्ती मागे घेते." सभागृहात हे वाक्य समजूतदार माणसाचं समजतात. सरकार विधेयक आणतं. आपल्या भागाचं त्यात नुकसान दिसलं की आमदार एक दुरुस्ती सुचवतो, मंत्री उठून गोड गोड बोलतात, आणि आमदार दुरुस्ती मागे घेऊन खाली बसतो. आमदाराला गावात सांगायला भाषण मिळतं, मंत्र्यांना विधेयक मिळतं. गावाला काय मिळतं ते विचारू नका.

राजकारणात येण्याआधी सिस्टर मतदारसंघाच्या टोकाला असलेल्या एका लहान दवाखान्यात बाळंतपणाच्या खोलीत नर्स होत्या. त्यांचे यजमान त्याच दवाखान्याची जीप चालवायचे. पहिल्या निवडणुकीत सिस्टरनी भाषण असं केलंच नाही. "तुमच्यातल्या अर्ध्यांना जन्मल्या जन्मल्या पहिली चापट मी मारलीय," एवढंच म्हणाल्या, "आता तुमची पाळी. मारायची तर मारा." लोक पोट धरून हसले आणि त्यांना निवडून दिलं. आमदार झाल्यावरही त्यांना कुणी आमदार म्हटलं नाही. यजमान तेवढे घरात, चहा हवा असला की, "आमदारीणबाई" म्हणायचे, आणि चहा स्वतःलाच करावा लागायचा.

चौथ्या खेपेला सरकारने एक विधेयक आणलं. लहान दवाखाने परवडत नाहीत, म्हणून ते बंद करून सगळं काम जिल्ह्याच्या मोठ्या इस्पितळात न्यायचं. शेवटच्या पानांवर बंद होणाऱ्या दवाखान्यांची नावं होती आणि त्यात सिस्टरांचा दवाखाना होता. मोठं इस्पितळ चांगलंच होतं, प्रश्न तो नव्हता. मध्ये खिंड होती. त्या खिंडीत, जीपच्या मागच्या बाकावर, सिस्टरनी तरुणपणी एक बाळंतपण केलं होतं. त्या दिवशी दवाखान्यातले डॉक्टर रजेवर होते म्हणून बाईला पुढे न्यावं लागलं. बाळ वाचलं, आई वाचली नाही. यजमानांनी जीप वळवून परत आणली. लग्न त्यानंतर झालं, पण त्या रस्त्याबद्दल ती दोघं आजही बोलत नाहीत.

सिस्टरनी दुरुस्ती दिली: यादीतून आमचा दवाखाना वगळा. एका ओळीची दुरुस्ती. पक्षाच्या प्रतोदांनी, म्हणजे आमदारांना रांगेत धरणाऱ्या माणसाने, त्यांना सकाळीच खोलीत बोलावलं. खोलीत दोन टेबलं, चार फोन आणि एक पंखा होता, आणि पंखा फक्त प्रतोदांच्या दिशेने फिरायचा.

"सिस्टर, नेहमीसारखंच करायचंय," प्रतोद म्हणाले. "मंत्री आश्वासन देतील, तुम्ही मागे घ्या."

"आश्वासन कसलं?"

"गाडी देऊ म्हणतायत. नवी, चांगली."

"गाडी होती की आमच्याकडे. गाडीतच गेली ती बाई."

प्रतोदांना कोणती बाई ते कळलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. त्यांनी चष्मा पुसला. "पुढच्या निवडणुकीत तिकिटं मी वाटत नाही," ते म्हणाले, "पण वाटणारे मला विचारतात. एवढं लक्षात ठेवा."

सिस्टरनी ते लक्षात ठेवलं. घाबरल्या का? घाबरल्या. आमदारकी गेली तर आपण कोण, हा प्रश्न पायऱ्या चढताना त्यांची पाठ सोडत नव्हता. पण चीडही तेवढीच होती, आणि ती सरकारवर नव्हती. इतकी वर्षं इतक्या दुरुस्त्या आपणच आपल्या हाताने मागे घेतल्या, याची होती.

सभागृहात जेवणाच्या सुट्टीआधीची सुस्ती होती. कुणी वर्तमानपत्र वाचत होतं, कुणी मागच्या बाकावर वळून लग्नाची बोलणी करत होतं, एक जण तर उघड्या डोळ्यांनी झोपला होता. मंत्री उठले, सिस्टरांच्या सेवेचं कौतुक केलं, गाडीचं आश्वासन दिलं, "माझ्या भगिनींनी दुरुस्ती मागे घ्यावी" म्हणाले आणि बसले. सिस्टर उठल्या. पुढे त्या काय बोलणार हे सगळ्यांना पाठ होतं, त्यामुळे ऐकलं कुणीच नाही.

"नाही घेत," सिस्टर म्हणाल्या आणि बसल्या.

ऐकलं ते फक्त अध्यक्षांनी, कारण त्यांना ऐकण्याचाच पगार होता. ते सवयीच्या सुरात म्हणाले, "दुरुस्ती मतास टाकतो. जे अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे."

सत्ताधारी बाकांना वाटलं, दुरुस्तीचं नेहमीसारखं आटोपलं, आता मूळ विधेयकच मताला आलंय. इतक्या वर्षांची सवय होती: सिस्टर बसल्या की आपण 'होय' म्हणायचं आणि जेवायला जायचं. सगळे एका दमात "होय" ओरडले. झोपलेलाही ओरडला. विरोधकांनी अध्यक्षांचा 'दुरुस्ती' हा शब्द नीट ऐकला होता, त्यांनी अर्थातच 'होय'च म्हटलं. 'नाही' म्हणायला फक्त मंत्री उरले होते आणि ते तेव्हा पाणी पीत होते.

"होयचे बहुमत आहे," अध्यक्ष म्हणाले. "दुरुस्ती संमत."

झोपलेला जागा झाला. मग प्रतोद बाकांवरून उड्या मारायचेच काय ते बाकी राहिले. मंत्री उभे राहून म्हणाले की सदस्यांची गफलत झाली आहे, मत पुन्हा घ्यावं. विरोधकांचे नेते, चेहऱ्यावरची माशीही हलू न देता, म्हणाले की आम्ही तर फार विचारपूर्वक मत दिलंय. गोंगाट वाढला. शेवटी अध्यक्षांनी नियम सांगितला: निकाल जाहीर झालाय. सगळ्या सभागृहाची संमती असेल तरच मत पुन्हा घेता येईल. एकाही सदस्याची हरकत असेल तर नाही.

विरोधकांचे नेते उठायला निघाले होते. सिस्टरनी हाताने त्यांना खाली बसवलं. हे दुसऱ्या कुणी करायचं नव्हतं. तेवढ्यात प्रतोद सिस्टरांच्या बाकापाशी पोचले.

"सिस्टर, गप्प बसा. फक्त गप्प बसायचंय. बाकीचं मी बघतो."

"बसले होते ना इतकी वर्षं."

"तिकीट गेलं समजा."

"समजले," सिस्टर म्हणाल्या. त्या बाकाची कड धरून उभ्या राहिल्या. "अध्यक्ष महाराज, माझी हरकत आहे."

दवाखाना राहिला. तिकीट गेलं, आणि ते एका तरुण ठेकेदाराला मिळालं. सिस्टर तरीही उभ्या राहिल्या, पक्षाशिवाय, यजमानांनी चालवलेल्या उसन्या जीपमधून गावोगाव हिंडल्या आणि सपाटून पडल्या. त्यांच्या दवाखान्याच्या गावातही पडल्या. ठेकेदाराने रस्ता देऊ केला होता आणि लोकांना रस्ता हवा होता. त्याचं त्यांना वाईट वाटलं, फार वाटलं, ते त्यांनी कुणापासून लपवलं नाही. यजमान म्हणाले, "चल घरी," तर म्हणाल्या, "आधी त्याला भेटते."

मतमोजणीच्या इमारतीबाहेर ठेकेदार माणसांच्या गराड्यात उभा होता. सिस्टरांना पाहून तो जरा ओशाळला.

"सिस्टर, राग नाही ना? माझा जन्म तुमच्याच हातचा, आई सांगते."

"राग कशाचा. कसा झालास ते माहितेय?"

"नाही."

"आडवा होतास. खिंड ओलांडायची म्हटली असती तर तू तरी राहिला नसतास, नाहीतर तुझी आई." त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, हलका नव्हे. "तिकडे परत तीच यादी काढतील. तुला गाडी देऊ म्हणतील, गोड बोलतील. तू मागे घेतलंस तर मी तुझ्या आईला घेऊन तुझ्या दारात येऊन बसेन. निवडून यायला मला पक्ष लागतो, बसायला लागत नाही."

भोवतीचे लोक हसले. ठेकेदार हसला नाही. सिस्टर जीपकडे गेल्या, पुढच्या सीटवर बसल्या आणि यजमानांना म्हणाल्या, "चला. खिंडीवरून घ्या."

यजमानांनी एकदा सिस्टरांकडे पाहिलं आणि गाडी त्या रस्त्याला लावली.