पोर गावी आहे

आमच्या घरात पन्नासेक वर्षं एक गोष्ट सांगितली जाते. माझ्या पुतणीचे डोळे गेले ते तिच्या आईमुळे. देवी टोचणारा आला तेव्हा आईनं तिला आत लपवलं. ही गोष्ट खोटी आहे. लपवायला मी सांगितलं होतं.

सत्तर सालच्या थोडं मागंपुढं आम्ही सुरतेला उधन्याच्या एका चाळीत राहत होतो. थोरला भाऊ, वहिनी, त्यांची तीन वर्षांची मुलगी आणि मी. आम्ही दोघे भाऊ मागावर कामाला. माझं लग्न ठरलं होतं. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे हळद लावण्यापासून सून घरात घेण्यापर्यंत सगळं वहिनीच करणार होती. दुसऱ्या दिवशी भुसावळच्या गाडीनं खानदेशात गावी निघायचं होतं, आणि नेमका आदल्या सकाळी पालिकेचा टोचणारा चाळीत आला.

"मुफत है, मुफत! सुई सरकार की, रोना तुम्हारा!" असं ओरडत तो एकेक दार घेत होता.

"फुकट आहे तर दोन्ही दंडांवर दे की!" शेजारचा म्हणाला. चाळ हसली.

वहिनीनं पोरीचा दंड धुतला, झबल्याची बाही वर सारली आणि तिला कडेवर घेऊन दारात उभी राहिली. मला मात्र वेगळंच दिसत होतं. टोचलं की दंड सुजतो, ताप भरतो, पोर रात्रंदिवस किरकिरते. तापलेल्या पोरीला घेऊन वहिनी गाडीत बसली नसती. मग मला हळद कोण लावणार?

"वहिनी, आत जा. पोर गावी आहे म्हणून सांगतो."

"टोची लेऊत ना भाऊ. ताप काय, दोन दिनमा उतरी जाई."

"गावी टोचू. जा म्हणतो ना."

ती आत गेली. भाऊ पाळीवर होता. टोचणाऱ्याला मी म्हणालो, "बच्ची गांव में है।" उंबऱ्याशी पोरीच्या इवल्या चपला पडल्या होत्या. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वहीत लिहून पुढं गेला.

गावी हळदीच्या दिवशीच तिथलाही टोचणारा आला. मी अंगभर हळद लावून पाटावर बसलो होतो. बसल्या जागेवरून म्हणालो, "आमची सुरतेला टोचली." वहिनीच्या हातात हळदीची वाटी होती. ती माझ्या दंडाला हळद लावत राहिली. आमच्यातली कितीतरी घरं असंच करायची. सुरतेत विचारलं की पोर गावी, गावी विचारलं की सुरतेला टोचली. दोन्हीकडच्या वह्यांतून पोरं निसटायची आणि आम्हाला ती हुशारी वाटायची.

सुरतेला परतल्यावर वहिनीनं दोनदा आठवण करून दिली. टोचायच्या केंद्रावर घेऊन जाणं माझं काम होतं, तिला तो रस्ता माहीत नव्हता. मी नवा नवरा होतो. उद्या जाऊ म्हणालो.

चैत्रात पोर तापली. तिसऱ्या दिवशी तोंडावर देवीचं पुरळ दिसलं. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला, घरात फोडणी बंद झाली. वहिनी ओल्या फडक्यानं तिच्या पापण्या पुसत बसायची. पापण्या चिकटून राहायच्या. पोर वाचली. पापण्या सुटल्या तेव्हा बुबुळं पांढरी झाली होती.

भावानं विचारलं, "चाळीतली सगळी टोचली. माझीच कशी राहिली?"

माझी बायको पाण्याची कळशी घेऊन दारातच उभी होती. लग्नाला दोन महिनेही झाले नव्हते. खरं सांगितलं असतं तर माझ्या लग्नानं पोरीचे डोळे खाल्ले असं झालं असतं, आणि ती जन्मभर पांढऱ्या पायाची ठरली असती. वहिनीनं तिच्याकडे पाहिलं.

"मी दडवली," ती म्हणाली. "सुईला भ्याले."

मी खाली मान घालून उभा राहिलो. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहिलं पाहिजे.

नळावर बायका तिला ऐकवायच्या, "सुईची भीती वाटली, देवीची नाही वाटली?" भावानं तर पुढं कितीतरी वर्षं तिच्या हातचं ताट घेतलं, पण तिच्याशी धड बोलला नाही. एकदाच मी तिला म्हणालो, दादाला सांगून टाकतो. ती म्हणाली, "आता सांगून कोणाले दिसणार शे? ऱ्हाऊ द्या भाऊ." मी लगेच ऐकलं. तिचं एवढं एकच ऐकलं.

आता भाऊ नाही, माझी बायकोही नाही. गेल्या वर्षी वहिनी गेली. तिच्या तेराव्याला पुतणी माझ्याशेजारी बसली होती. म्हणाली, "आई चांगली होती हो काका. भित्री तेवढी होती." माझ्या पुढ्यात ताट होतं. मी जेवलो.

हे लिहिलेलं पुतणीला वाचून दाखवतो, असं माझा मुलगा म्हणतो. त्याला मी नको म्हटलं आहे. रविवारी तिच्याकडे जाऊन मीच वाचणार. तिचा दंड धुऊन, बाही वर सारून आई तिला दारात घेऊन उभी होती, हे तिला माझ्या तोंडून कळलं पाहिजे. पुढं ती मला काका म्हणेल की नाही, ते तिनं ठरवावं.