सकाळच्या लग्नाचा फोल्डर

कॉम्प्युटर सुरू करण्याआधी चाचा हार्ड डिस्कवर तळहात ठेवायचे, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मग म्हणायचे, "आज बरी हाय." किंवा, "आज नक्को, हिला दम लागलाय." दम लागलेला असला की टेबलफॅन डिस्ककडे वळायचा आणि आम्ही माणसं घाम पुसत बसायचो. सोलापूरचा उन्हाळा आणि डोक्यावर पत्रा, त्यामुळे फॅन बहुतेक वेळा डिस्ककडेच असायचा.

विजापूर वेशीजवळच्या गल्लीत एका टेलरच्या दुकानावर त्यांची कामाची खोली होती. लग्नांचं शूटिंग मी करायचो, एडिटिंग चाचा करायचे. हे आमचं दहा-बारा वर्षं चाललं. असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. स्वतःच्या घरातली कपाटं त्याला दिसत नाहीत, पण कामाच्या टेबलावर सुई इकडची तिकडे चालत नाही.

जागा हा चाचांचा ध्यास होता. "डिस्क गळ्यापर्यंत भरायची न्हाय," ते सांगायचे. "पाचातला एक हिस्सा मोकळा ठेव. भरली की चित्र अडकतंय, मग तू मशीनला शिव्या देतोस." मूळ शूटिंग एका डिस्कवर आणि कॉम्प्युटर कामापुरत्या ज्या फाइली बनवतो त्या दुसऱ्या डिस्कवर, अशी वाटणी होती. दर शुक्रवारी नमाजला जाण्याआधी त्या कामापुरत्या फाइली पुसल्या जायच्या. फोल्डरला नवरा-नवरीचं नाव द्यायचं नाही, कारण एकाच नावाची चार लग्नं निघतात. फक्त कार्यालयाचं नाव आणि तारीख टाकायची.

आणि एकच वस्तू दोनदा ठेवलेली त्यांना खपत नसे. कॉपी करताना कॉम्प्युटर विचारतो ना, या नावाची फाइल इथे आधीच आहे, बदलू की वगळू? चाचा प्रश्न पुरता वाचायच्या आत 'वगळा' दाबायचे. "हाय तर हाय. दोनदा कशाला? जागा काय फुकट हाय?" मी त्यावरून त्यांची खूप थट्टा करायचो.

त्यांच्या मुलीचं लग्न थंडीत झालं, कुंभारी रस्त्यावरच्या एका कार्यालयात. तो हॉल सकाळी एका पद्मशाली कुटुंबाकडे होता आणि दुपारनंतर चाचांकडे. योगायोगानं दोन्हीकडचं शूटिंग माझ्याकडेच होतं.

चाचींच्या दोन्ही किडन्या गेलेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिसला न्यावं लागे. तीन वाजता त्या रिक्षातून आल्या तेव्हा मीच पुढे होऊन हात दिला, कारण चाचा आत काझींबरोबर होते. घरात आयुष्यभर कॅमेरे, पण चाचींचा एकही व्हिडिओ नव्हता. कॅमेरा दिसला की त्या पदर तोंडावर ओढायच्या. त्या दिवशी मुलगी म्हणाली, "अम्मी, आज छुपाव नक्को," आणि चाचींनी पदर ओढला नाही. हिरवी साडी, हातांवर मेहंदी. पाठवणीच्या वेळी त्यांनी मुलीचा चेहरा दोन्ही हातांत धरला, ते मी अगदी जवळून घेतलं.

कॅमेऱ्याच्या कार्डावरचं शूटिंग उतरवून घ्यायचं काम चाचा कुणाला देत नसत, मुलीच्या लग्नातही नाही. दुपारी एकला शेरवानी घालून, अत्तर लावून आले, सकाळचं लग्न लॅपटॉपला जोडलेल्या डिस्कवर उतरवलं, कार्ड पुसून माझ्या हातात दिलं. संध्याकाळी तेच कार्ड पुन्हा घेतलं. मुलगी नुकतीच गेली होती. डोळे पुसत पुसत ते लॅपटॉपवर बोटं चालवत होते आणि मी वायरी गुंडाळत होतो. "झालं की," असं म्हणून त्यांनी कार्ड पुसलं आणि परत दिलं.

महिन्याभरानंतर सकाळच्या लग्नातला एक तुकडा हवा होता म्हणून मी त्यांच्या खोलीवर गेलो. चाचा नमाजला गेले होते. मीच फोल्डर उघडला. त्या तारखेचा आणि त्या कार्यालयाचा तो एकच फोल्डर होता, आणि त्यात सगळं सकाळचं. नवरी सकाळची, माणसं सकाळची.

कार्ड पुसलं की माझा कॅमेरा फाइलींना पुन्हा एकपासून आकडे द्यायचा. दुपारच्या प्रत्येक फाइलचा आकडा सकाळच्या कुठल्या तरी फाइलला होताच. कॉम्प्युटरनं विचारलं असणार, आधीच आहे, वगळू? आणि चाचांनी नेहमीचं बटण दाबलं. त्या कार्डावर नंतर मी चार लग्नं घेतली होती, म्हणजे तिथूनही काही मिळणार नव्हतं.

जिन्यावर पावलं वाजली. "चाचा," मी म्हणालो.

"थांब, आधी माझं ऐक." ते हसत होते. "चाची विचारत हुती, शादीचं कवा दाखवणार? म्हटलं, आधी गिऱ्हाईकाचं. ईदनंतर आपलं. लई खूश झाली बघ."

मी फोल्डर बंद केला.

चार दिवसांनी कॅमेरा बॅगेत घालून त्यांच्या घरी गेलो. चाची उशीला टेकून बसल्या होत्या. "चाचा, सहज दोन मिनिटं घेऊ का चाचींचं?" मी विचारलं.

"कायकू? बीमारीतली शकल कशाला? शादीची हाय की आपल्याकडं."

चाची म्हणाल्या, "चाय पीके जाव." मी चहा प्यालो आणि निघालो. सांगायचं धाडस झालं नाही. मी भित्रा निघालो, यापेक्षा निराळं कारण मला आजवर सापडलेलं नाही.

मुलीच्या लग्नाच्या एडिटिंगसाठी चाचा डिस्कवर जागा करत राहिले. लग्नसराईत डिस्क भरून पडद्यावर जागा दाखवणारी पट्टी लाल झाली होती, ती हळूहळू निळी होऊ लागली. "आता थोडंच ऱ्हायलं," ते मला दाखवायचे. ती पट्टी जसजशी मोकळी होई तसतशी माझी खोलीवर जायची हिंमत कमी होत गेली. मी कार्डं टेलरकडे ठेवून खालच्या खालीच परत येऊ लागलो.

ईदला चार दिवस असताना चाची गेल्या.

चाळिसावा झाल्यावर चाचांनी मला बोलावलं. "एकट्याला बघवंना," म्हणाले. फोल्डर उघडला. पडद्यावर सकाळची नवरी आली. त्यांनी दुसरी फाइल उघडली, मग तिसरी, मग शेवटची. मग माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली होती, तेवढ्यावरून त्यांना कळलं.

"तुला ठाऊक हुतं?"

"हो."

"कवापासनं?"

"लग्नानंतर महिन्याभरानं कळलं."

ते आरडाओरडा करतील असं वाटलं होतं. मला तोच हवा होता. ते नुसते मनाशी महिने मोजत राहिले. "तवा ती बसत हुती की," ते म्हणाले. "बोलत हुती." बस, एवढंच.

नंतर त्यांनी खोली सोडली आणि बार्शीला मुलीकडे राहायला गेले. उन्हाळ्यात मी एकदा तिकडे गेलो. ती आमची शेवटची भेट. मुलीनं दार उघडलं आणि आतल्या खोलीकडे बोट दाखवलं.

चाचा लॅपटॉपसमोर बसले होते. त्या पद्मशाली कुटुंबाचं लग्न चाललं होतं. नवरा-नवरीकडे ते बघतच नव्हते. मागच्या खुर्च्या, दार, माणसांमधल्या फटी बघत होते. मध्येच थांबवायचे, चित्र मोठं करायचे, परत पुढे न्यायचे.

"ती घरनं लवकर निघाली हुती, पोरीची काळजी म्हणून," पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले. "हितंच कुटंतरी असंल की. तू घेतलंयस, तुझी नजर चांगली हाय. बघ जरा."

चाची तीन वाजता आल्या होत्या. मी खुर्ची जवळ ओढली आणि त्यांच्याबरोबर बघू लागलो.